मिग-२१ : ओझरच्या आणि एअरफोर्सच्या आठवणी, जुने फोटो (तुमच्याकडचेही टाका)

बाणगंगाकाठ

मंडळी, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला आपल्या हवाईदलाच्या मिग-२१ ह्या लढाऊ विमानाचा निरोप समारंभ झाला तेव्हापासून हा धागा काढायचं डोक्यात घोळत होतं. त्या आठवड्यात पेपर, टीव्ही, यूट्यूब सगळीकडे मिगच मिग. ६२ वर्षांची सेवा, ७१ ची लढाई, पायलट अभिनंदन वर्धमान, आणि फिरून फिरून ती 'उडती शवपेटी'. पण ज्या गावात ही विमानं बनली त्या गावाचं नाव एखाद्या ओळीत आलं तर आलं. म्हटलं आता आपणच लिहावं.

माझं बालपण ओझर टाऊनशिपमधलं. अष्टविनायकातलं ओझर ते जुन्नरकडचं, आमचं नाशिकजवळ मुंबई-आग्रा रोडवरचं, ओझर मिग. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आला १९६४ ला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि १९६३ ला नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते, त्यामुळे आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात की साहेबांनी नाशिकचं ऋण फेडलं. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी, आणि पूर्ण विमान जोडून उडायचं ते ओझरहून. सुरुवातीला रशियातून आलेले सुटे भाग जोडायचे, मग एकेक करत ते भाग इथेच बनायला लागले. आधी एफएल, मग एम, मग बिस, अशी एकेक सुधारित आवृत्ती करत साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ इथून बाहेर पडली. द्राक्षं आणि कांदा पिकवणाऱ्या तालुक्यात. मला अजूनही ह्याचं फार अप्रूप वाटतं.

वडील शीट मेटलला होते. निफाडकडच्या एका खेड्यातून आयटीआय करून लागलेले, घराण्यातले पहिले नोकरदार. मिगच्या अंगावर रिवेटच्या रांगाच्या रांगा असतात आणि त्यातलं एकही डोकं पत्र्याच्या वर आलेलं चालत नाही, ते पत्र्याला सपाट बसलं पाहिजे. मीटर-गेज सगळं होतंच, पण वडील आणि त्यांच्या बरोबरीचे लोक अंगठ्याचं नख फिरवून बघायचे. नख अडकलं की रिवेट काढा, परत मारा. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की लग्नकार्यात भेट आलेलं स्टीलचं कपाट असो, एसटीचा पत्रा असो, हात लावला की आधी नख फिरायचं. रिवेट गनच्या आवाजाने उजवा कान जवळजवळ गेला होता शेवटी. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही, पण बिस विमान कमी उंचीवरून गेलं की ते मान वर करायचे आणि "आपलं हाय" एवढंच म्हणायचे.

प्रचि (प्रकाशचित्र) १ : हाच तो फोटो, ज्याच्यासाठी धागा काढला. कारखान्यात कॅमेरा न्यायला बंदी होती, त्यामुळे कामगारांच्या घरी फोटो फार कमी, हा कंपनीच्या फोटोग्राफरने काढलेला. विमान जेमतेम अर्धं दिसतंय, रंग अजून लागलेला नाही, नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा चकाकतोय. पुढे डांगरी घातलेली माणसं. वडील डावीकडून दुसरे, कानामागे पेन्सिल. उजव्या टोकाला जे गृहस्थ पंखावर तळहात ठेवून उभे आहेत ते कोण हे घरात कुणालाच सांगता येत नाही. फोटोच्या मागे फक्त 'अ शिफ्ट' एवढंच लिहिलंय, साल नाही.

प्रचि २ : टाऊनशिपच्या मैदानावरून दिसणारं विमान, बॉक्स कॅमेऱ्यातून. ठिपकाच आहे, पण तो त्रिकोणी ठिपका बघून कळतं काय ते.

तुमच्याकडे काय आहे ते टाका. एअरफोर्समधले, कारखान्यातले, आसपासच्या गावातले, मॉडेल बनवणारे, सगळ्यांनी.

द्राक्षवेल

अरे वा, हा धागा वाचून आत्ताच्या आत्ता लॉगिन केलं, नाहीतर मी नुसती वाचनमात्र असते. आमची बाग पिंपळगाव आणि ओझरच्या मधे, विमान उठलं की आमच्या वरूनच वळायचं. शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून शिकवत असल्या तरी आवाज आला की खडू तसाच धरून थांबायच्या, कारण पुढचा अर्धा मिनिट कुणाला काही ऐकूच येत नसे. आणि आम्ही सगळ्या पोरी खिडकीकडे. बाई कधी ओरडल्या नाहीत कारण त्यांचे मिस्टर पण कंपनीतच होते.

छाटणीच्या दिवसात बाहेरगावच्या मजूर बायका यायच्या, त्यांच्यातली एखादी नवीन असली की आवाजाने दचकून खालीच बसायची, मग आमची आजी तिला समजावून सांगायची की बाई गं हे आपलंच आहे, आपल्या गावच्या माणसांनी केलंय, ते आपल्यावर नाही पडत. आजीला लिहिता वाचता येत नव्हतं पण मिग आणि दुसरं विमान तिला आवाजावरून ओळखता यायचं. रिहीट (इंजिनला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर) लागली की जो धडाका होतो ना छातीत, तो ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल.

माझ्याकडे विमानाचा एकही फोटो नाही. पण आईचा एक आहे, मंडपाच्या तारा बांधताना, आणि वर आभाळात पांढरी रेघ. शोधून टाकते.

टाइप७७

बाणगंगाकाठ, जबरदस्त फोटो आहे. प्रचि १ बद्दल थोडं. नाकाचा भाग दिसतोय ते बरं झालं. नाकासमोर जी लांब दांडी असते, पिटो म्हणतात तिला, वेग मोजायला, ती नाकाच्या वर बरोबर मध्यावर आहे. म्हणजे हे एफएल आहे, एअरफोर्सच्या भाषेत टाइप ७७. नंतरच्या एम आणि बिसमध्ये ती दांडी पायलटच्या उजव्या हाताला सरकली. शिवाय कॉकपिटच्या मागचा कणा बघा, बारीक आहे. एम मध्ये तो जाड झाला, बिसमध्ये त्याहून मोठा. तेव्हा फोटो साठीच्या दशकाचा शेवट ते सत्तरीच्या सुरुवातीची काही वर्षं, ह्या टप्प्यातला धरायला हरकत नाही.

आणि ह्याच एफएलने ७१ गाजवलं, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या शिफ्टने काय केलं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. २८ स्क्वाड्रन, मिग-२१ घेणारी आपली पहिली स्क्वाड्रन, १९६३ ला चंदीगडला उभी राहिली, पहिले सीओ (कमांडिंग ऑफिसर) विंग कमांडर दिलबाग सिंग, जे पुढे हवाईदल प्रमुख झाले. डिसेंबर ७१ मध्ये ही स्क्वाड्रन गुवाहाटीला होती. १४ डिसेंबरला ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरच्या बैठकीवर हल्ला करायचा हुकूम आला, विंग कमांडर बिष्णोई लीडर. वेळ इतका कमी की हातात नकाशा कसला तर ढाक्याचा टुरिस्ट मॅप. आणि कॉकपिटमध्ये बसल्यावर निरोप आला की टार्गेट सर्किट हाऊस नाही, गव्हर्नमेंट हाऊस. त्यांनी हवेत नकाशा बघत ती इमारत शोधली आणि सभागृहावर रॉकेट सोडली. गव्हर्नर मलिकने त्याच दिवशी राजीनामा लिहिला, १६ तारखेला शरणागती. विमान मुळात उंचावर जाऊन बॉम्बर पाडण्यासाठी बनवलेलं, त्याच्याकडून शहरातल्या एका इमारतीवर नेमका मारा करून घेतला, हे कसब पायलटचं.

दुसरी घटना १२ डिसेंबरची, जामनगरची. पाकिस्तानची एफ-१०४ स्टारफायटर आली, तेव्हा त्या विमानाचा केवढा दबदबा होता, आणि ४७ स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनींनी कच्छच्या आखातावर तिचा पाठलाग करून ती पाडली. तोफेने. एफएलला अंगची तोफच नव्हती, पोटाखाली वेगळा गन पॉड लावावा लागायचा. रशियनांना वाटलं होतं आता सगळी लढाई मिसाइलनेच होणार. तोफ पाहिजेच हा आपल्या लोकांचा आग्रह होता, आणि तो बरोबर ठरला.

कोथरूडचा_के

वाखुसा (वाचनखूण साठवली). प्रचि २ मोबाइलवर दिसत नाहीये, कुणी लिंक परत द्या.

जुना एअरमन

बाणगंगाकाठ, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, असतील तिथे. मी एअरफोर्समध्ये इंजिन फिटर होतो, नोकरीचा बराचसा काळ मिग-२१ वर गेला, एफएल, मग बिस. मूळ सांगली जिल्ह्यातला.

निरोपाच्या कार्यक्रमात लोकांनी फ्लायपास्ट बघितला, पाण्याच्या तोफांची सलामी बघितली. मी टीव्हीसमोर बसलो होतो ते एका गोष्टीसाठी. एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग स्वतः मिग उडवून उतरले आणि नंतर त्यांनी विमानाचं फॉर्म ७०० संरक्षणमंत्र्यांच्या हातात दिलं. बऱ्याच जणांना ते काय पुस्तक आहे हे कळलं नसेल म्हणून सांगतो.

प्रत्येक विमानाचं एक फॉर्म ७०० असतं. विमानाने किती तास केले, काय बिघडलं, कोणी दुरुस्त केलं, तेल किती भरलं, सगळं त्यात. सॉर्टीच्या, म्हणजे उड्डाणाच्या, आधी इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, आर्मामेंट, प्रत्येक ट्रेडचा माणूस आपापलं काम तपासून त्यात सही करतो. सगळ्या सह्या झाल्या की पायलट येतो, पुस्तक वाचतो, आणि सगळ्यात खाली त्याची सही. मग तो शिडी चढतो. वीस-बावीस वर्षांचं पोरगं मी, दहावी-बारावी शिकलेलं, आणि माझ्या सहीवर विश्वास ठेवून एक माणूस ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या मशीनमध्ये बसतोय. पहिल्यांदा सही केली त्या रात्री मला झोप लागली नाही. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनला हवा जाते त्या तोंडात, मी अर्धा आत शिरून टॉर्च मारून बघितलं होतं, ब्लेडला काही लागलंय का, तरी सकाळपर्यंत तेच डोळ्यासमोर.

काम मात्र मजेचं होतं. मशीन सरळ होतं. कुठला पॅनल उघडला की काय दिसणार हे अंधारात पण सांगू शकायचो. राजस्थानात मे महिन्यात पत्र्याला हात लावला तर चामडी निघायची, म्हणून पहाटे चारला ड्युटी सुरू. उतरताना मिगचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर, नुसत्या ब्रेकवर भागत नाही, म्हणून शेपटीच्या मुळातून पॅराशूट उघडायचं. रनवेच्या टोकाला पायलट ते सोडून द्यायचा आणि आमची पोरं गाडी घेऊन पळत जाऊन गोळा करायची, मागून दुसरं विमान उतरत असायचं ना. मग ते झटकायचं, वाळवायचं, दोऱ्या सोडवायच्या आणि परत घडी करून कोंबायचं. कोंबताना दोन माणसं लागायची आणि गुडघा लावून दाबायला लागायचं. कुत्र्याच्या पिल्लासारखं जपायचो त्या पॅराशूटला.

प्रचि ३ : विंटर युनिफॉर्ममध्ये आम्ही चौघं, मागे बिस. चॉकवर (चाकाला लावायच्या ठोकळ्यावर) पाय ठेवलेला मी. बाकीच्यांना विचारून घेतल्यावर चेहरे न झाकता टाकीन.

प्रचि ४ : नुसता पिटो, लाल कव्हर घातलेला, रिमूव्ह बिफोर फ्लाइटची लाल पट्टी लोंबकळतेय. प्रत्येक नवीन माणसाचं डोकं किंवा खांदा एकदा तरी ह्या दांडीला लागलेलाच असतो.

बाणगंगाकाठ

काका, वडील जाऊन बरीच वर्षं झाली. पण तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. म्हणाली, ह्यांना कधी कळलंच नाही की त्यांच्या विमानाला पुढे कोण सांभाळतं, ते एकदा गेटच्या बाहेर गेलं की गेलं.

नितळ

धागा छान आहे, फोटो तर सुंदरच. पण आठवणींच्या ओघात एक बाजू राहून जाऊ नये म्हणून लिहितोय, राग मानू नका. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडा दिला होता की रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातात गेली. १७१ पायलट, ३९ नागरिक आणि दलातले इतर आठ जण मृत्युमुखी पडले. अर्ध्याहून जास्त विमानं. हे सगळे काही युद्धात गेले नाहीत. इतकी वर्षं हे विमान चालवावं लागलं कारण त्याच्या जागी जे यायचं होतं ते वेळेवर आलं नाही. आपल्या देशी तेजस विमानाची कथा सगळ्यांना माहीत आहे. प्रेम असावं, पण जी पोरं गेली त्यांच्या घरच्यांना हे कौतुक कसं वाटत असेल?

तेजपूरची वहिनी

नितळ, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मला उत्तर द्यावंसं वाटतंय कारण मी त्या घरच्यांमधलीच एक आहे. माझे मिस्टर मिग-२१ चे पायलट. ते सुखरूप रिटायर झाले. आमच्या कोर्समेट्समधली काही घरं इतकी नशीबवान नव्हती.

लग्न होऊन गेले ती तेजपूरला. तिथे मॉफ्टू होतं, म्हणजे नव्या पायलट पोरांना मिग शिकवायचं युनिट, एफएल विमानं. पोरं यायची ती किरणवरून, किरण म्हणजे शांत, हळू ट्रेनर विमान, आणि तिथून थेट मिग. मधली पायरीच नव्हती. ही पायरी म्हणजे हॉक ट्रेनर, तो यावा म्हणून हवाईदल वर्षानुवर्षं मागणी करत होतं आणि तो बिदरला आला २००८ ला. मधल्या काळात जी पोरं गेली त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मी आमच्या घरी पोहे करून घातलेत. मला आकडे वाचायची गरज पडत नाही.

तिथल्या क्वार्टर्समध्ये आम्हा सगळ्या बायकांना एक सवय लागलेली असायची, कुणी शिकवलेली नाही. विमानं उठताना मोजायची. चार उठली. मग हातातलं काम चालू, भाजी फोडणीला टाक, मुलाला आंघोळ घाल, पण कान तिकडे. एक उतरलं, दोन, तीन. चौथं उतरेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. उशीर झाला की शेजारच्या दारात उभं राहायचं, नुसतं उभं. आणि ती चौथी पॅराशूट दिसली की परत सगळ्या आत, कुणी काही बोलायचं नाही त्याबद्दल.

तरी 'शवपेटी' हा शब्द मला सहन होत नाही. माझा नवरा शवपेटीत बसून रोज कामाला जात नव्हता. त्यांचं म्हणणं असं की हे विमान प्रामाणिक होतं, तुम्ही काय चुकताय ते लगेच सांगायचं, पण माफ करायचं नाही. उतरताना वेग जास्त, इंजिन एकच, पुढचं नीट दिसत नाही, इंजिन बंद पडलं तर हातात सेकंद असतात. तेव्हा दोष द्यायचा तर ज्यांनी वेळेवर ट्रेनर दिला नाही, वेळेवर नवीन विमान दिलं नाही त्या निर्णयांना द्या. विमानाला आणि ते बनवणाऱ्या माणसांना देऊ नका. आणि पायलटचं चुकलं असं म्हणून फाइल बंद करणं तर सगळ्यात सोपं.

पुण्यातल्या कविता गाडगीळ ताईंबद्दल बऱ्याच जणांना माहीत असेल. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ ला सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ मध्ये गेला. मुलाच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून त्या आणि त्यांचे मिस्टर, जे स्वतः हवाईदलातले, वर्षानुवर्षं झगडले, आणि पुण्यात त्यांनी जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट काढली, मुलांनी सिम्युलेटरवर शिकावं म्हणून. त्यांच्या दुःखाच्या शेजारी उभं राहूनही मला ह्या विमानावर प्रेम करता येतं. दोन्ही एकाच घरात राहतात हो.

प्रचि ५ : मिस्टर शिडीवर, हेल्मेट काखेत, केस घामाने चिकटलेले. मागे कॉकपिटच्या आतला तो निळसर हिरवा रंग दिसतोय बघा, बऱ्याच रशियन विमानांत असतो. आमच्या मुलीने तिच्या खोलीला तोच रंग दिलाय.

नितळ

वहिनी, तुमचा प्रतिसाद वाचून पुढे काही लिहायचं राहिलं नाही. निर्णय घेणाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता त्याच्याशी शंभर टक्के सहमत. आकडे मी त्याच कारणासाठी दिले होते.

जुना एअरमन

वहिनीसाहेब, तुम्ही उठताना मोजायचात, आम्ही पण मोजायचो. टार्मॅकवर रिकामी जागा राहिली की त्या विमानाचं फॉर्म ७०० लगेच सील करून ताब्यात घेतात, चौकशीसाठी. ज्याची ज्याची त्यात सही तो प्रत्येक जण तेव्हा आपापल्या सहीचा विचार करत बसलेला असतो. जेवण जात नाही. हे बाहेर कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिलं.

प्रागमधला_पुणेकर

थोडं वेगळं. मी नोकरीसाठी प्रागला असतो. इथे क्बेलीला विमानांचं म्युझियम आहे, जुन्या मिलिटरी एअरफील्डवर, आणि तिथे मिग-२१ एक नाही, वेगवेगळ्या व्हर्जनची रांगच आहे. चेकोस्लोव्हाकियात पण एफ-१३ लायसन्सवर बनायची. म्हणजे रशियाबाहेर परवान्याने हे विमान बनवणारे देश दोनच, हे आणि आपण (चीनने आपलं वेगळं चालवलं). तिथल्या एका म्हाताऱ्या गाइड आजोबांना मी सांगितलं की माझ्या देशात पण बनायचं, माझ्या गावापासून चार-पाच तासांवर, तर त्यांनी दोरीच्या आत यायला सांगितलं आणि पंखाखाली नेऊन चाकाची खोबण दाखवली. चाक आत जाताना कसं वळून उभं राहतं ते हाताने करून दाखवलं, कारण बाकी भाषा आमच्यात नव्हती.

प्रचि ६ ते ९ : क्बेली. ८ मध्ये इंजिनचा मागचा भाग, आत वाकून काढलाय. त्या बंद पडलेल्या विमानाला अजूनही केरोसीनचा वास येतो.

द्राक्षवेल

बाणगंगाकाठ, फोटो मोठा करून बघितला आणि मावशीला व्हॉट्सॲप केला. मावशीचे यजमान कंपनीत पेंट शॉपला होते, त्यांच्याकडे जुनी ओळख जास्त. ती म्हणतेय की मागच्या रांगेतले चष्मेवाले तिच्या शेजारच्या क्वार्टरमधले, त्यांच्याकडे गणपतीला सगळी लाइन जेवायला असायची. ते अजून आहेत, नाशिक रोडला मुलाकडे. रविवारी ती फोटो घेऊन जाणार आहे. नावं इथे टाकणार नाही, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

आणि हो, १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकहून तेजस उडालं ना, मार्क १ए, तेव्हा आम्ही सगळे बागेतच होतो. आवाज वेगळा आहे. आजी असती तर एका दिवसात शिकली असती.

बाणगंगाकाठ

ताई, हे वाचून आईला लगेच फोन केला. व्यनि मिळाला, त्यांना भेटायला मी पण येतो, रविवारी जमवतोच. धन्यवाद फार छोटं आहे ह्याला.

दरम्यान अल्बममध्ये अजून एक सापडला. प्रचि १० : कँटीनच्या बाहेर वडील आणि दोन रशियन इंजिनिअर, तिघांच्या हातात स्टीलचे पेले. सुरुवातीची काही वर्षं रशियन लोक टाऊनशिपमध्ये बायकामुलांसह राहायचे. बाजारात भाजीवाल्या मावशी त्यांना बघून "स्पासिबा, स्पासिबा" (रशियन धन्यवाद) करायच्या आणि ते लोक वजनापेक्षा जास्त भाजी घेऊन जायचे, असं आई सांगते. वडिलांना त्यांच्याकडून शिकलेले रशियन शब्द सगळे अवजारांचेच होते, त्यामुळे गप्पा मारायच्या झाल्या की अडचण.

रोहन_स्पॉटर

सगळ्यांना नमस्कार, मी कॉलेजला आहे, मिग-२१ उडताना फक्त यूट्यूबवर बघितलंय. पण चंदीगडचे खूप फोटो जमवलेत. प्रश्न असा की त्यातली सगळी बायसन (सुधारलेलं बिस) होती का, आणि साधं बिस आणि बायसन फोटोवरून कसं ओळखायचं? आणि अवनी चतुर्वेदींनी २०१८ ला जामनगरला एकटीने उडवलं ते पण बायसनच ना?

टाइप७७

रोहन, हो, १९ फेब्रुवारी २०१८, जामनगर, बायसन. भारतीय महिला पायलटने एकटीने उडवलेलं पहिलं लढाऊ विमान. चंदीगडची एका सीटची सगळी बायसन, २३ स्क्वाड्रन पँथर्स, बिकानेरजवळच्या नालहून आलेली.

ओळखायचं कसं तर सगळ्यात आधी पायलटच्या समोरची काच बघ. बिसला पुढे सपाट जाड काच आणि बाजूला दोन तुकडे, मधे चौकटीच्या पट्ट्या. बायसनला अखंड एकच गोलाकार काच, पट्ट्या नाहीत, त्यामुळे समोरचं बरंच नीट दिसायचं. वहिनींनी वर पुढचं दिसत नाही म्हणून लिहिलंय ना, तो त्रास ह्यात कमी केला. दुसरं, सीरियल नंबर. बायसनचा सीयूने सुरू होतो, यू म्हणजे अपग्रेड. अभिनंदनचं सीयू २३२८ होतं. साध्या बिसला नुसता सी. एकूण १२५ बिस अशी बदलून घेतली, नवीन रडार, नवीन मिसाइल, आणि ते कामही जवळजवळ सगळं ओझरलाच झालं, म्हणजे ज्या हँगरमधून ती नवी कोरी निघाली होती तिथेच परत येऊन.

दोन सीटचं दिसलं तर ते टाइप ६९, ट्रेनर. सप्टेंबर २०१९ ला पठाणकोटला तेव्हाचे हवाईदल प्रमुख धनोआ साहेब आणि अभिनंदन एकत्र उडाले ते त्यातच.

तुझ्याकडचे चंदीगडचे फोटो सीरियल दिसेल असे कापून टाक, शेपटीकडचा भाग मोठा करून. काका, तुमच्या प्रचि ३ मधला नंबर वाचता येत नाहीये, मूळ फोटो खिडकीशी, सावलीत, कॅमेरा सरळ वर धरून परत काढा, फ्लॅश बंद. मी एक यादी करायला घेतोय, कुठल्या नंबरचं विमान कुणाच्या फोटोत आहे ती.